उद्याच्या तासासाठी इंटरनेट : वर्गशिक्षकाने साधने कशी निवडावीत आणि कशी वापरावीत

शिक्षण परिषदेनंतर कोणीतरी पंचवीस-तीस संकेतस्थळांची यादी व्हॉट्सअॅप गटावर टाकतो, आपण ती उपयोगाची म्हणून जपून ठेवतो आणि सत्र संपत आले तरी त्यांतील एकही संकेतस्थळ वर्गात उघडले गेलेले नसते. ही यादी साधनांची असते. शिक्षकापुढचा प्रश्न मात्र उद्याच्या तिसऱ्या तासाला बावन्न मुलांसमोर नेमके काय करायचे, हा असतो. मी काही वर्षे नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातील एका वस्तीवरच्या शाळेत शिकवले आणि आता निफाड तालुक्यात आठवी ते दहावीला गणित, विज्ञान आणि गरजेप्रमाणे भूगोल शिकवतो. पहिल्या ठिकाणी रेंज मिळवण्यासाठी टेकाडावर चढावे लागे आणि दुसऱ्या ठिकाणी नेट असूनही ऐन वेळी मिळेलच याची खात्री नसते. या दोन्ही शाळांच्या अनुभवातून जी रीत बसली, ती येथे क्रमाने मांडत आहे.

पायरी १ : आधी टाचण, मग साधन

टाचणवही, म्हणजे पाठांच्या पूर्वतयारीची वही, उघडून पुढच्या आठवड्याचे घटक पाहावेत आणि खडू-फळ्याने जिथे काम अडते, तेवढ्याच जागांवर खूण करावी. आठवड्यात अशा दोन किंवा तीन जागा निघतात. बीजगणितातील विस्तारसूत्रे फळ्यावर उत्तम शिकवता येतात, त्यासाठी चित्रफीत शोधण्याची गरज नाही. पण त्रिकोणाचा एक कोन वाढत गेला की त्याचे परिकेंद्र, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्या अंतरावरचा बिंदू, आतून बाहेर कसे सरकते, किंवा एकाच डोंगररांगेतून निघालेल्या दोन नद्या दोन वेगळ्या समुद्रांना का मिळतात, हे स्थिर आकृतीतून मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. अशा ठिकाणी साधन शोधावे. एका तासाला एकच साधन घ्यावे आणि पडद्यावरचा वेळ आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त होऊ देऊ नये, कारण मुलांना बोलते आणि लिहिते करण्यासाठी उरलेला वेळ लागतोच.

पायरी २ : वर्गात काय आहे, ते प्रत्यक्ष जोडून पाहावे

शाळेत प्रोजेक्टर किंवा टीव्ही आहे का, तो लॅपटॉपला जोडणारी एचडीएमआय केबल चालू आहे का, फोनचा पडदा टीव्हीवर दिसतो का आणि जुना टीव्ही असेल तर पेनड्राइव्हवरील कोणत्या प्रकारची फाइल तो वाचतो, हे मुले घरी गेल्यावर एकदा स्वतः तपासून टाचणवहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावे. बरेच जुने टीव्ही एमपी४ स्वरूपातील चित्रफीत निमूटपणे दाखवतात, पण इतर स्वरूपे नाकारतात. हे कळायला मला एक पूर्ण तास गमवावा लागला होता.

याहून महत्त्वाचा नियम असा, की वर्गात चालू नेटवर अवलंबून राहू नये. सुरुवातीच्या काळात मी विद्युतधारेच्या पाठासाठी फोनचा हॉटस्पॉट सुरू करून थेट संकेतस्थळ उघडायला गेलो. पडद्यावर गोल फिरणारे चक्र सात-आठ मिनिटे फिरत राहिले, मागच्या बाकांवर गोंगाट सुरू झाला आणि जी मुले उत्सुकतेने पुढे सरकून बसली होती, त्यांचा हिरमोड झाला. तेव्हापासून जे दाखवायचे ते आदल्या दिवशी उतरवून घ्यायचे आणि नेट बंद करून एकदा चालवून पाहायचे, हा शिरस्ता मी मोडलेला नाही. पुढील प्रत्येक साधनाबद्दल ते नेटविना कसे चालते, हे म्हणूनच सांगितले आहे.

पायरी ३ : पाठ्यपुस्तकाच्या सर्वांत जवळचे स्रोत आधी पाहावेत

१९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. आपण शिकवतो त्या सर्व इयत्तांची पुस्तके फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये ठेवावीतच, पण मागच्या दोन इयत्तांचीही ठेवावीत. नववीतील मुलाला अपूर्णांकांचा भागाकार येत नसेल, तर सहावीचे ते पान तत्काळ पडद्यावर आणता येते आणि मुलाला ओळखीचे चित्र पाहून आठवतेही लवकर. पाठ्यपुस्तक बदलले असल्यास आपल्याकडील फाइल चालू आवृत्तीची आहे ना, हे जूनमध्येच पडताळावे.

त्यानंतर दीक्षा. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या या व्यासपीठाचे अॅप फोनवर घ्यावे, भाषा मराठी आणि भूमिका शिक्षक अशी निवडावी, मग मंडळ, माध्यम आणि इयत्ता भरावी. पाठ्यपुस्तकातील चौकोनी क्यूआर कोड अॅपमधून स्कॅन केला की त्या घटकाशी जोडलेले साहित्य समोर येते. कोडचा ठसा पुसट असेल तर त्याखाली छापलेली सहा अक्षरी-अंकी खूण टाइप केली तरी चालते, ही सोय अनेकांना माहीत नसते. साहित्य पसंत पडल्यास डाउनलोडची खूण दाबावी, म्हणजे ते अॅपमध्ये साठते आणि नेट नसताना उघडते. मात्र कोणतीही चित्रफीत स्वतः अखेरपर्यंत पाहिल्याशिवाय वर्गात लावू नये. काही चित्रफिती पाठाचे वाचनच करतात आणि ते काम शिक्षकाच्या आवाजात अधिक चांगले होते.

शिक्षकाच्या स्वतःच्या अभ्यासासाठी दीक्षावरील प्रशिक्षणे आणि २०१७ मध्येच सुरू झालेले स्वयं हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आहे. आपल्या नाशिककरांना तर गंगापूर धरणाच्या वाटेवर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने स्वयं-अध्ययनाची पुस्तके मराठीत तयार केली आहेत. एकट्याने बसून शिकणाऱ्याला समजेल असा मजकूर कसा लिहावा, हे त्या पुस्तकांतून शिकण्यासारखे आहे.

पायरी ४ : मराठी शब्द आणि मराठी वाचन

विज्ञान शिकवताना पारिभाषिक शब्द अडला, की बहुतेकजण शोधयंत्रात इंग्रजी शब्द टाकून पहिले भाषांतर उचलतात. ते अनेकदा हिंदीवरून आलेले असते. त्याऐवजी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश मराठी भाषा विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. बृहद्कोश या संकेतस्थळावर अनेक मराठी शब्दकोश एकाच वेळी धुंडाळता येतात, त्यामुळे मराठीच्या शिक्षकांनी तो फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवावा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात खुला आहे. म्हणी आणि जुने शब्द शिकवताना त्याचे एखादे पान मुलांना दाखवले तर भाषेला वय असते, हे त्यांना कळते.

संदर्भासाठी मराठी विश्वकोश सर्वांत विश्वासाचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सुरू झालेल्या या कोशाचे खंड आता ऑनलाइन वाचता येतात. काही नोंदी जुन्या असल्याने लोकसंख्या, ग्रहांचे उपग्रह यांसारखी आकडेवारी अन्यत्र तपासून घ्यावी. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि तो चांगला आरंभबिंदू आहे, परंतु लेखाखाली संदर्भ दिलेले आहेत का, हे पाहूनच मजकूर घ्यावा.

प्राथमिकच्या शिक्षकांसाठी मी ज्याची शिफारस मनापासून करतो, ते म्हणजे प्रथम बुक्सचे स्टोरीविव्हर. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. भाषा मराठी आणि पातळी पहिली निवडली, की एका पानावर एक-दोन वाक्ये असलेल्या गोष्टी मिळतात. त्या उतरवून घेता येतात, छापता येतात, इतकेच नव्हे तर तेथील परवान्यानुसार मूळ लेखक-चित्रकारांचा उल्लेख ठेवून त्यांचे रूपांतरही करता येते. सुरगाणा, पेठ या भागात कोकणी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांसाठी मोठ्या मुलांकडून त्याच चित्रांखाली घरच्या बोलीतील वाक्ये लिहून घेतली, तर पहिलीतील मूल दोन भाषांतील पान शेजारी शेजारी ठेवून वाचते. आम्ही अशी चार पुस्तके हाताने लिहून, शिवून वर्गाच्या दोरीवर टांगली होती आणि वर्षअखेरीला त्यांचे कोपरे हाताळून मऊ पडले होते.

पायरी ५ : विषयाची साधने, नाशिकच्या मातीत लावून

गूगल अर्थ ब्राउझरमध्ये मोफत चालते. भूगोलाच्या तासाला त्र्यंबकेश्वर शोधावे, नकाशा तिरका करून ब्रह्मगिरी उभा करावा आणि पूर्वेकडे गोदावरीचा ओघ मुलांकडूनच बोटाने दाखवून घ्यावा. मग त्याच डोंगररांगेतून निघून अरबी समुद्राकडे जाणारी वैतरणा दाखवावी. गोदावरी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते, तर शेजारीच उगम पावलेली वैतरणा पश्चिमेला उतरते. जलविभाजक या शब्दाची व्याख्या यानंतर पाठ करून घ्यावी लागत नाही. पुढे कादवा आणि गोदावरी यांच्या संगमावरील नांदूरमध्यमेश्वर दाखवावे. महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि आमच्या निफाडच्या मुलांना त्याचा अभिमानही वाटतो. गूगल अर्थला नेट लागतेच. त्यामुळे आदल्या दिवशी पाच-सहा दृश्यांची चित्रे टिपून ती क्रमाने एका फाइलमध्ये लावावीत, किंवा फोनच्या स्क्रीन रेकॉर्डरने दोन मिनिटांची चित्रफीत करून पेनड्राइव्हवर घ्यावी. इस्रोचे भुवन हेही याच कामाचे देशी संकेतस्थळ आहे.

खगोलासाठी स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर आहे. लॅपटॉपवर एकदा बसवले की पुढे नेट लागत नाही. त्यात स्थळ नाशिक ठेवावे. नाशिक जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य वर्षातून दोनदा, म्हणजे मे महिन्यात २०-२१ तारखेच्या आसपास आणि जुलैमध्ये २२-२३ तारखेच्या आसपास, आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि त्या क्षणी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेमध्ये शाळेला सुटी असते आणि जुलैमध्ये आभाळ भरलेले असते, त्यामुळे ही घटना मुलांना बहुधा प्रत्यक्ष पाहता येत नाही. स्टेलॅरियममध्ये तारीख २१ मे ठेवून घड्याळ पुढे सरकवत नेले, की सूर्य माथ्यावर आलेला दिसतो. पण घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात, साडेबारा झालेले असतात. मुले हे हमखास विचारतात आणि तिथेच तासाला खरा रंग चढतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, नाशिक साधारण ७३.८ अंशांवर आहे, फरक ८.७ अंशांचा आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटे, म्हणजे सुमारे ३५ मिनिटे. वर्षभरात सूर्याच्या वेळेत होणाऱ्या लहानशा फरकामुळे मेमध्ये ते ३१-३२ मिनिटे भरते. एवढा हिशेब आठवीची मुले फळ्यावर स्वतः करतात. मग रात्र करून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २० अंशांवर आहे, हे दाखवावे आणि स्थळ बदलून कन्याकुमारीला तो किती खाली जातो, श्रीनगरला किती वर येतो, याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहायला लावून मग पडद्यावर पडताळावा. आधी अंदाज आणि मग पडदा हा क्रम कोणत्याही साधनाला लागू करावा. तो उलटा झाला की मुले नुसती प्रेक्षक होतात.

भूमितीसाठी जिओजेब्रा घ्यावे. त्याचा पडदा मराठीतही करता येतो आणि ते लॅपटॉपवर बसवून नेटविना वापरता येते. त्रिकोण काढून त्याच्या तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक टाकावेत, परिकेंद्रावर ठळक बिंदू द्यावा आणि एक शिरोबिंदू हळूहळू ओढावा. लघुकोन त्रिकोणात बिंदू आत असतो, काटकोन होताच तो कर्णाच्या मध्यावर येऊन बसतो आणि विशालकोन झाल्यावर बाहेर पडतो. काटकोनाच्या क्षणी ओढणे थांबवावे आणि वर्गाला दोन मिनिटे शांतपणे पाहू द्यावे. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, हे प्रमेय आपण या पाठात सांगितलेलेच नसते, तरीही एखादी मुलगी ते बोलून जाते.

विज्ञानासाठी कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचे फेट हे आभासी प्रयोगांचे भांडार आहे. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी ते २००२ मध्ये सुरू केले. प्रयोगाच्या पानावर भाषांतरांचा विभाग असतो. त्यात अनेक प्रयोगांना मराठी आवृत्ती मिळते. प्रयोग एकाच फाइलच्या रूपात उतरतो आणि लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये नेटविना चालतो. विद्युतमंडलाच्या प्रयोगात मुलांना फळ्याजवळ बोलावून बल्ब जोडायला लावावेत, पण त्याआधी किंवा नंतर खरा सेल, खरी तार आणि खरा बल्ब हाती द्यावाच. आभासी मंडलात सैल जोडणीमुळे बल्ब मिणमिणत नाही. प्रत्यक्षात तो मिणमिणतो आणि त्यातूनच मुले अधिक शिकतात. टाकाऊ वस्तूंपासून करायच्या प्रयोगांसाठी पद्मश्री अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ गेली अनेक वर्षे शिक्षकांच्या कामी येत आहे. तेथील चित्रफिती लहान असतात आणि साहित्य घरात सापडते.

एक स्रोत असा आहे, की तो शैक्षणिक म्हणून कोणी मोजत नाही. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव असतात. नववीच्या सांख्यिकीला मी लासलगावच्या कांद्याचे पंधरा दिवसांचे भाव मुलांना उतरवून घ्यायला लावतो. तक्त्यात आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. आता समजा, एखाद्या दिवशी किमान दर क्विंटलला ५००, कमाल २,१०० आणि सर्वसाधारण १,७०० रुपये आहे. किमान आणि कमाल यांचा मध्य १,३०० येतो, मग सर्वसाधारण दर १,७०० कसा? वर्गातील एका मुलाने याचे उत्तर दिले, की गोल्टी, म्हणजे बारीक, कांद्याची एखादी गाडी स्वस्तात गेली की किमान दर खाली दिसतो, पण बाकीच्या गाड्या वरच्याच भावाने गेलेल्या असतात. मध्य, मध्यक आणि बहुलक यांतील फरक त्याने मार्केट यार्डात वडिलांबरोबर उभे राहून ओळखला होता, फक्त त्याला नावे माहीत नव्हती. आपल्या परिसरात द्राक्ष, टोमॅटो किंवा मका असेल, तर त्याचे भाव घ्यावेत.

पायरी ६ : मुलांकडे फोन नसताना उत्तरे गोळा करणे

प्लिकर्स हे साधन फक्त शिक्षकाच्या एका फोनवर चालते, म्हणून आपल्या शाळांना ते विशेष सोयीचे आहे. त्याच्या संकेतस्थळावरून ४० कार्डांचा संच छापून घ्यावा आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवावा. वर्गाचा पट मोठा असेल तर ६३ कार्डांचा संचही आहे. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी नक्षी असते आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी ही बारीक अक्षरे असतात. प्रश्न विचारल्यावर मुलाने आपल्या उत्तराचे अक्षर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरायचे आणि शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कोणाचे उत्तर बरोबर, कोणाचे चूक, ते फोनवर दिसते. नक्षी वेगवेगळी असल्याने शेजाऱ्याचे पाहून उत्तर देता येत नाही आणि चुकलेल्या मुलाचे नाव वर्गात उघड होत नाही. लाजऱ्या मुलांसाठी हे फार मोलाचे आहे. कार्डाला चकचकीत लॅमिनेशन करू नये, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. मोफत खात्यात प्रश्नांची संख्या मर्यादित असते, पण तासाच्या शेवटी तीन-चार प्रश्नांपेक्षा अधिक लागतही नाहीत. शिक्षकाच्या फोनला येथे थोडे नेट लागते, म्हणून रेंज नसेल त्या दिवशी चार रंगांचे कागद वापरावेत.

घरी सोडवण्यासाठी गूगल फॉर्म्समध्ये चाचणी करता येते. सेटिंगमध्ये ती प्रश्नमंजूषा करावी, उत्तरसूची आणि गुण भरावेत, म्हणजे गुण आपोआप तक्त्यात जमा होतात. एक काळजी घ्यावी. एकाने एकदाच उत्तर द्यावे, ही मर्यादा लावली तर गूगल खात्याने प्रवेश करावा लागतो, आणि एका फोनवर दोन भावंडे असतील तर दुसऱ्याला फॉर्म भरताच येत नाही. म्हणून ती मर्यादा काढून पहिला प्रश्न नाव आणि हजेरी क्रमांक असा ठेवावा. मुदत किमान दोन संध्याकाळींची द्यावी, कारण घरातील एकमेव फोन दिवसभर वडिलांबरोबर शेतावर किंवा कंपनीत असतो.

पायरी ७ : प्रश्नपत्रिका आणि मराठी टंकलेखन

जुन्या फॉन्टमध्ये केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात, हा अनुभव घटक चाचणीच्या आदल्या संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात घेतलेले शिक्षक थोडे नाहीत, मीही त्यांत आहे. यापुढे सर्व लेखन युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर नीट उघडणाऱ्या अक्षरपद्धतीत, करावे. संगणकावर मराठी कळफलक सुरू करावा, किंवा गूगल डॉक्समध्ये बोलून टंकन ही सोय निवडून भाषा मराठी करावी आणि शांत खोलीत सावकाश बोलावे. विरामचिन्हे नंतर हाताने घालावीत. जुन्या छापील प्रश्नपत्रिकेचा स्पष्ट फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून तो गूगल डॉक्सने उघडला, तर त्यातील मजकूर टंकित स्वरूपात मिळतो. त्यात ‘दुसऱ्या’, ‘चौऱ्याऐंशी’ यांसारख्या शब्दांतील अर्धा ऱ बिघडतो का, तेवढे डोळ्यांखालून घालावे. दुकानात नेताना फाइल नेहमी पीडीएफ करून न्यावी.

पहिली-दुसरीसाठी कार्डे छापणाऱ्यांनी फॉन्ट पारखून घ्यावा. अनेक फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात. मूल पुस्तकात एक ल पाहते आणि भिंतीवर दुसरा, मग गिरवताना ते अडखळते. ज्याच्या हातात अक्षर पहिल्यांदाच येत आहे, त्याच्यासाठी ही बाब किरकोळ नाही.

पायरी ८ : कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेताना

चॅटजीपीटी किंवा जेमिनी यांच्याकडून मी प्रश्नांचा कच्चा मसुदा करून घेतो. विनंती नेमकी हवी. “आठवीसाठी घातांकांवर प्रश्न द्या” असे म्हणण्यापेक्षा “आठवी, मराठी माध्यम, घातांकांचे नियम, वजाबाकीचा नियम चुकीचा लावणाऱ्या मुलाची चूक उघडी पडेल असे पाच बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येक चुकीच्या पर्यायामागची चूक सांगा” असे लिहिल्यास कामाचे काही हाती लागते. त्यानंतर प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून पाहावे, कारण ही साधने चुकीचे उत्तरही ठामपणे देतात. इतिहासात तर विशेष जपावे. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, हे नाशिकच्या मुलाला अचूकच सांगितले पाहिजे. त्यामुळे तारीख, नाव आणि अवतरण या तिन्ही गोष्टी पाठ्यपुस्तकात किंवा विश्वकोशात पडताळल्याशिवाय फळ्यावर लिहू नयेत. मराठी वाक्येही आपल्या वर्गाच्या बोलण्यात बसतील अशी पुन्हा लिहावीत. मुलांची नावे, गुण किंवा आजारपण यांपैकी काहीही या साधनांत टाकू नये.

पायरी ९ : मुलांची माहिती सांभाळणे

मी एकदा गुणांचा तक्ता पालकांच्या गटावर पाठवताना दुव्याला संपादनाचा अधिकार दिला आणि कोणाच्या तरी बोटाने विज्ञानाचा पूर्ण रकाना पुसला गेला. आवृत्ती इतिहासातून तो परत आणता आला, पण त्याआधी सर्वांनी सर्वांचे गुण पाहिले होते. एका मुलीला त्याचा त्रास झाला आणि ती चूक माझी होती. दुवा पाठवण्यापूर्वी अधिकार ‘फक्त पाहण्यापुरता’ आहे का, ते बघावे आणि गुण तर प्रत्येक पालकाला स्वतंत्रच कळवावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. म्हणून फॉर्ममध्ये आधार क्रमांक, जात, पत्ता असे काहीही अनावश्यक विचारू नये. मुलांचे फोटो नावांसह स्टेटसवर ठेवू नयेत आणि नव्या अॅपमध्ये मुलांची खाती उघडण्याऐवजी हजेरी क्रमांकांवर काम भागवावे.

दुसऱ्याचे साहित्य वापरण्याबाबत, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ शिक्षकाला अध्यापनाच्या ओघात काही उपयोगाची मोकळीक देते. पण तेच साहित्य आपल्या नावाने यूट्यूबवर चढवणे त्यात बसत नाही.

पायरी १० : शनिवारची तयारी

हे सगळे टिकते ते आठवड्यातील एका ठरावीक तासावर. शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर मी पुढच्या आठवड्याच्या खुणा पाहतो, लागणाऱ्या फाइल घरच्या नेटवर उतरवतो आणि पेनड्राइव्हवर इयत्ता, विषय, घटक या क्रमाने फोल्डर करून ठेवतो. फाइलचे नाव मराठीत आणि स्पष्ट ठेवावे, म्हणजे मी रजेवर असताना बदली शिक्षकालाही ती सापडते. जिथे नेट जवळजवळ नाहीच अशा शाळेसाठी किविक्स हे मोफत अॅप एकदा शहरात बसून उतरवावे आणि त्यातून मराठी विकिपीडियाची संपूर्ण प्रत फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये घ्यावी. नंतर ती नेटविना शोधता येते. पेठच्या शाळेत आम्ही हीच प्रत जुन्या लॅपटॉपवर ठेवली होती. मधल्या सुटीत मुले आळीपाळीने त्यावर आपापल्या गावाचे नाव शोधत. एका मुलाच्या गावावर तीनच ओळी निघाल्या. त्या वाचून त्याने गावच्या पाणवठ्याबद्दल वहीत दीड पान लिहून आणले. ते पान मी तालुक्याच्या गावी गेल्यावर टंकित करून त्या लेखात भरले आणि पुढच्या खेपेला नवी प्रत उतरवून आणली.